पाणीकपात लागली की सोसायटीत आणि घरात काय करायचं: एका प्लंबरचा सल्ला

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणं आहेत: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खुद्द खडकवासला. चारही काठोकाठ भरली की साठा होतो साधारण २९ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम २ टीएमसी, बाकीचं सगळं वरच्या तिघांतून यायचं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, त्यामुळे आकडा ऐकताना पाणी भरपूर वाटतं. पण त्याच साठ्यावर पुणं जगतं आणि पर्वती, स्वारगेट, हडपसरवरून पुढे जाणाऱ्या उजव्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती आणि गावं जगतात. म्हणून जून-जुलै कोरडे गेले की शहरात आधी आठवड्यातला एक दिवस बंद होतो आणि मग दिवसाआड पाणी येतं. २०१५ साली पावसानं ओढ दिली तेव्हा सप्टेंबरात दिवसाआड सुरू झालेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसंच राहिलं.

मी मूळचा माण तालुक्यातला, धंद्यानं प्लंबर. धनकवडी, सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता या भागातल्या सोसायट्यांची कामं करतो. कपातीच्या काळात मला फोन येतात ते 'पाणी पुरत नाही' असे. गेलो की पहिल्यांदा दिसतं ते हे, की पाणी दोन वाटांनी जातंय. एक वाट रात्रीची, टाकीतून, कोणाला न दिसणारी. दुसरी सकाळची, 'शिळं झालं' म्हणून मोरीत ओतलेली. आंघोळ आटोपती घ्या, गाडी धुऊ नका हे सांगणं बरोबरच आहे, पण आधी या दोन वाटा बंद करा.

रात्रीची मोजणी

रात्री एक ते चार या वेळात सोसायटी झोपलेली असते. पंप बंद ठेवा आणि गच्चीवरच्या टाकीत कुठूनही पाणी येत नाही याची खात्री करा. टाकीत सरळ काठी उभी करून एक वाजता पातळीची खूण करा, चार वाजता पुन्हा बघा. वॉचमनला एकदा नीट दाखवलं तर तोही हे करू शकतो, फक्त आकडा वहीत लिहून घ्यायचा. टाकीच्या तळाची लांबी-रुंदी आधीच मोजून ठेवा. तळ ४ मीटर बाय ३ मीटर असेल तर १ सेंटिमीटर उतरलेलं पाणी म्हणजे १२० लिटर.

समजा तीन तासांत ४ सेंटिमीटर उतरलं. म्हणजे ४८० लिटर गेले. कोणी रात्री उठतं, बाथरूमला जातं, त्याचे ६० लिटर सोडून द्या. उरलेले ४२० लिटर गळतीचे. तासाला १४० या हिशेबानं चोवीस तासांत ३,३६० लिटर, आणि तीन दिवसांत १० हजार लिटरचा एक भरलेला टँकर. सभासदांच्या सभेत 'पाणी जपून वापरा' असं दहा वेळा बोलण्यापेक्षा हा एक हिशेब फळ्यावर लिहा. त्यात कोणावर आरोप नसतो, त्यामुळे भांडणही होत नाही.

गळती कुठल्या बाजूला आहे हे शोधायला पुढच्या रात्री टाकीखालचे सगळे डाऊनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतून खाली फ्लॅटकडे जाणाऱ्या लाइनींचे व्हॉल्व्ह, बंद करा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळतेय, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीयेत. पातळी थांबली तर एकेक लाइन तासभर उघडून बघा. ज्या लाइनीवर पाणी उतरतं, तिच्याखालचे फ्लॅट तपासायचे. इथे एक सांभाळा: जुने गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेले नसतात. पाना लावून जोर केला की स्पिंडल, म्हणजे आतला दांडा, तुटतो आणि सगळी इमारत दिवसभर कोरडी राहते. आधी तेल सोडा, थोडं मागे थोडं पुढे करत फिरवा. फिरतच नसेल तर नादी लागू नका, बदलायचं ठरवा आणि त्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो पाव फेरीत बंद होतो, आणि चालू आहे का बंद हे दांड्यावरून लांबूनही कळतं.

फ्लॅटमधली गळती बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत सापडते. टाकीत चमचाभर खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचं रबर गेलंय. ते रबर स्वस्त असतं, बदलायला पंधरा मिनिटं लागतात. सगळ्यात वाईट गळती असते कुलूपबंद फ्लॅटमधली. मालक परदेशात किंवा गावी, आणि आत फ्लशमधून पाण्याची बारीक धार महिनोन्‌महिने चालू. म्हणून सोसायटीनं नियमच करावा की घर चार दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर डक्टमधला, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला, त्या फ्लॅटचा कॉक बंद करून जायचं. जे आधीच गेलेत त्यांना फोन करून त्यांच्या परवानगीनं बंद करा.

खालच्या टाकीकडे तर कोणी बघतच नाही. महापालिकेचं पाणी अनेक भागांत पहाटे किंवा मध्यरात्री येतं. खालच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अडकलेला असला की टाकी भरल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून निघून जातं, आणि बऱ्याच ठिकाणी तो पाइप बांधतानाच जमिनीखालून थेट गटारात सोडलेला असतो. आवाज नाही, ओल नाही, काही नाही. हा पाइप तोडून उघड्यावर आणा, गेटजवळ वॉचमनला दिसेल असा. पाणी पडताना दिसलं की माणूस उठून कॉक बंद करतो. शिवाय गटाराला जोडलेल्या पाइपातून गटाराचं पाणी उलटं टाकीत येण्याचा धोका असतो, तोही जातो.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत दगडी नळ आणला गेला. पंप नाही, नुसत्या उतारानं पाणी यायचं. त्या नळावर वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते. आत उतरून बघता यावं, गाळ काढता यावा, अशी सोय अठराव्या शतकात केलेली आहे. आपल्या इमारतींत मात्र निम्मे पाइप फरशीखाली आणि भिंतीत गाडलेले. दुरुस्ती निघाली की पाइप बाहेरून, दिसतील असे घ्या. चांगलं दिसत नाही म्हणून सभासद कुरकुर करतात, पण मी या बाबतीत ऐकत नाही.

शिळं पाणी

दिवसाआड पाणी आलं की घराघरांत पिंपं, टब, बादल्या, कळश्या भरून ठेवतात. ते समजू शकतो. पण दुसऱ्या वेळेला पाणी आलं की आधीचं उरलेलं ओतून देऊन सगळं परत ताजं भरतात. एका घरात असं ८०-१०० लिटर सहज जातं. ५० फ्लॅटचा हिशेब तुम्हीच करा. यामुळेच कपात केली तरी कधी कधी वापर म्हणावा तसा घटत नाही.

झाकून ठेवलेलं पाणी दोन-तीन दिवसांत खराब होत नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडीवर, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या कोरड्या खाण्यावर, दिवस काढलेले. तिच्या घरात हंड्याचं पाणी संपल्याशिवाय दुसरं पाणी त्यात पडत नसे, आणि तळाचं गढूळही जनावरांपुढे जायचं. तुमची समाधानाची सोय हवी असेल तर अशी करा: पिण्याचं पाणी एका भांड्यात, झाकण आणि ओगराळं असलेल्या. हात बुडवायचा नाही. ते उरलं तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला. स्वयंपाकाचं उरलं तर भांड्यांना. पिंपातलं उरलं तर फ्लशला आणि फरशीला. मोरीत सरळ काहीही जाऊ द्यायचं नाही.

पाणी सुरू झाल्यावर पहिली दोन-चार मिनिटं गढूळ येतं, कारण लाइन रिकामी असताना आत गंज आणि माती सुटते. कुठे जोड फुटका असेल तर बाहेरची घाणही ओढली जाते. ते पाणी पिण्यासाठी भरू नका, पण वाहूही देऊ नका. वेगळ्या बादलीत धरा, तासाभरात माती तळाला बसते, वरचं पाणी संडासाला वापरा. वास येत असेल तर मात्र ते पाणी कशालाच वापरू नका आणि लगेच तक्रार करा.

साठवणीची दुसरी बाजू डेंगीची. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. त्यासाठी पिंप ओतायची गरज नाही. आदल्या दिवसापासून त्यातलंच पाणी वापरायला काढा, तळाला आलं की उरलेल्या पाण्यानं जिने पुसून घ्या, आणि पिंप आतून घासून उन्हात उपडं ठेवा. घासणं महत्त्वाचं, अंडी कडेला चिकटलेली असतात. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलं असेल तर नवं येईपर्यंत त्यावर जाळीचं कापड बांधा.

वेळा ठरवाव्यात की दाब कमी करावा

बहुतेक कमिट्या पहिला निर्णय घेतात तो वेळांचा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड तास. मला हा उपाय शेवटचा वाटतो. वेळ ठरली की लोक घाबरून भरतात, आणि भरलेलं पुढे ओततात. त्यापेक्षा दाब कमी करा. दहा-अकरा मजली इमारतीत तळमजल्यावर गच्चीच्या टाकीचा ३० मीटर उंचीचा दाब असतो, म्हणजे जवळजवळ ३ बार. तिथल्या नळाला हात लावला तरी पाणी अंगावर उडतं. तीच तोटी वरच्या मजल्यावर निम्मंही देत नाही. खालच्या मजल्यांच्या लाइनीवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. ते जमत नसेल तर प्रत्येक फ्लॅटचा डक्टमधला कॉक थोडा आवळा, आणि नळाखाली बादली लावून वेळ मोजत रहा.

ही मोजणी सोपी आहे. १० लिटरची बादली एका मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर. बेसिनला ३-४ लिटर पुष्कळ झाले, स्वयंपाकघरात ५-६. तोटीच्या तोंडाला एअरेटर, म्हणजे ती हवा मिसळणारी जाळी बसवली की धार भरल्यासारखी वाटते आणि पाणी कमी लागतं. पुण्यात टँकरच्या पाण्यामुळे जाळीत क्षार आणि वाळू बसते, तेव्हा महिन्यातून एकदा ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. नाहीतर लोक वैतागून जाळीच काढून टाकतात. बादलीच्या नळाला मात्र एअरेटर लावू नका, तिथे बादली भरायचीच असते, त्यात वाचत काही नाही.

घरातल्या इतर गोष्टी

फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळेला १० लिटर सोडतात. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा धरले तर २०० लिटर. टाकीत पाणी भरलेली एक लिटरची बाटली घट्ट झाकण लावून ठेवली की दिवसाला २० लिटर वाचले. वीट ठेवू नका. वीट झिजते, तिची पूड रबराखाली जाते आणि गळती सुरू होते. नवी टाकी घेत असाल तर ३ आणि ६ लिटरची दोन बटणांची घ्या, आणि कुठलं बटण कशाचं हे घरातल्या मुलांना आणि पाहुण्यांनाही सांगा.

आरओ हा विषय मला मनापासून खटकतो. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ आहे, त्यात क्षार फार कमी. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओची गरज नाही, राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली अशा ठिकाणी बंदी घालायला सांगितलं होतं. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. घरात फक्त महापालिकेचं पाणी येत असेल तर साधा गाळणीचा आणि यूव्हीचा फिल्टर पुरतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी प्यावं लागत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही ती बारीक नळी सिंकमध्ये सोडू नका. खाली बादली ठेवा, ते पाणी फरशीला आणि भांड्यांच्या पहिल्या हाताला चालतं. कुंड्यांना रोज घातलं तर माती क्षारट होते, तेवढं टाळा.

शॉवर बंद, बादली चालू. कपडे मशीन भरेपर्यंत साठवा. भाज्या पातेल्यात धुवा आणि ते पाणी झाडांना घाला. रंगपंचमी कोरडी खेळा. यावर जास्त लिहीत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

घरकामाला येणाऱ्या मावशींबद्दल एक सांगायचं आहे. पुष्कळ घरांत भांड्यांचा नळ धो-धो सोडल्याचा दोष त्यांच्यावर जातो. त्यांच्या वस्तीत पाणी भरायला त्या आधीच पहाटे उठलेल्या असतात, पाण्याची किंमत त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. नळ सोडावा लागतो कारण सिंकमध्ये दोन घमेली मावत नाहीत आणि काम पुढच्या घरी वेळेत संपवायचं असतं. एक मोठं घमेलं साबणाचं आणि एक विसळण्याचं ठेवायला जागा करून द्या, पाणी आपोआप कमी लागेल.

टँकर आणि बोअर

टँकर घ्यायची वेळ आली तर आधी खालच्या टाकीची पातळी मोजा, ओतल्यावर परत मोजा. २० चौरस मीटर तळाच्या टाकीत १० हजार लिटर आले तर पातळी ५० सेंटिमीटर वर यायला हवी. पाणी कुठून भरलं ते विचारा. क्लोरीन आहे का हे ओटी टेस्टनं कळतं: पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर आहे. रंग आला नाही तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. बांधकामाला, बागेला आणि रस्ते धुवायला पिण्याचं पाणी वापरणं मला पाप वाटतं. महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतलं प्रक्रिया केलेलं पाणी या कामांसाठी टँकरनं मिळतं. शेजारी बांधकाम चालू असेल तर बिल्डरकडे हा आग्रह धरा. तुमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा स्वतःचा प्रकल्प असून बंद पडलेला असेल तर कपातीच्या वर्षात त्याच्या दुरुस्तीवर खर्च करा, टँकरवर नंतर.

पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडण्याचं काम एप्रिल-मेमध्ये उरकावं लागतं. १०० चौरस मीटर गच्ची आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा. वाया जाणारं सोडलं तरी ५५ हजार लिटरच्या पुढे पाणी मिळतं. पण पुण्याच्या खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. म्हणून हजारो रुपये घालण्याआधी बोअर पाणी घेतं का ते बघा. पातळी मोजा, गच्चीच्या टाकीतलं नव्हे तर बाहेरून आणलेलं स्वच्छ पण न पिण्याचं पाणी सलग सोडा. पातळी लवकर खाली गेली तर बोअर घेतंय. तासन्‌तास तुडुंब राहिली तर तिथे पैसे घालू नका, त्या पावसासाठी जमिनीखाली साठवणीची टाकी बांधा आणि पाणी थेट वापरा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, त्यात गच्चीची धूळ आणि कबुतरांची घाण असते. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीच नाही, त्यात गाड्यांचं ऑइल येतं. फिल्टरची वाळू आणि खडी दरवर्षी काढून धुवा. जुन्या वाड्यात विहीर असेल तर बोअरपेक्षा ती बरी, फक्त गाळ काढा आणि कचरा टाकणं थांबवा. महापालिका पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात सवलत देते, तिचा अर्ज कमिटीनं करून ठेवावा.

रस्त्यावरची गळती

सोसायटीच्या बाहेर पाइप फुटला की लोक व्हिडिओ काढतात आणि पुढे जातात. तक्रार पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर, टाका आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागातही द्या. नुसतं 'रोडवर लिकेज आहे' लिहून काम होत नाही. माणसं दुपारी येतात, तेव्हा लाइन बंद असते, रस्ता कोरडा असतो आणि ती परत जातात. म्हणून तक्रारीत लिहा: पाणी किती वाजता सुटतं, सुटल्यावर किती वेळानं गळती दिसते, जवळचं दुकान किंवा खांब कुठला, पाणी फुटपाथच्या बाजूनं येतं की रस्त्याच्या मधून. ओली जागा आणि फुटलेली जागा एक नसते, पाणी उताराकडे वाहत जाऊन भलतीकडेच वर येतं, तेव्हा ओल कुठून सुरू होते तिथे खडूनं खूण करा आणि तिचाच फोटो द्या. तुमच्या भागातल्या चावीवाल्याची, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाची, ओळख ठेवा. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीचा हे त्याला पाठ असतं, आणि पाणी सुटलेलं असताना तो सोबत आला तर फुटलेली जागा लवकर सापडते. सार्वजनिक नळाला तोटी नसेल तर तोटी, टेफलॉन टेप आणि पाना एवढंच लागतं. विभागाला सांगून बसवा, आणि दोन महिन्यांनी जाऊन ती अजून जागेवर आहे का ते बघून या.